'टॉम टिट टॉट'ची गाणी: मुलांचं संगीत नाटक पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी किंवा मंडळाच्या कार्यक्रमासाठी मुलांचं संगीत नाटक करायचं ठरलं, की बहुतेक जण आधी संवाद लिहून काढतात. मग जिथे प्रसंग रेंगाळतो तिथे एखादं गाणं घालतात. त्या गाण्यात मुलं नाचतात, पालक टाळ्या वाजवतात आणि गोष्ट होती तिथेच थांबलेली असते. हे टाळायचं असेल तर पहिल्या नाटकासाठी अशी गोष्ट निवडावी, जिच्यात गाण्यावाचून पान हलत नाही. इंग्लंडच्या सफक परगण्यातली 'टॉम टिट टॉट' ही लोककथा तशी आहे. तिच्या कथानकाला दोन वळणं आहेत आणि दोन्ही वळणांवर कुणीतरी गात असतं, कुणीतरी ते ऐकतं.

गोष्ट मुळातून वाचा

जोसेफ जेकब्स यांनी १८९० साली इंग्रजी लोककथांचा जो संग्रह काढला, त्यातली ही पहिलीच गोष्ट. सफकच्या बोलीत सांगितलेली आहे, त्यामुळे पहिल्या वाचनाला थोडी अडखळते. मोठ्याने वाचली की सुटते. पुढे १८९८ साली एडवर्ड क्लॉड यांनी या एका गोष्टीवर अख्खं पुस्तक लिहिलं. नाव कळलं की त्या नावाच्या मालकावर सत्ता चालते, ही जुनी समजूत त्याचा गाभा आहे. जर्मनीत ग्रिम बंधूंनी नोंदवलेली रुम्पेलस्टिल्टस्किनची कथा हिचीच बहीण, पण तिथल्या मुलीची आई गाताना दिसत नाही. आपल्याला सफकचीच कथा हवी ती याच कारणासाठी.

जेकब्स १९१६ साली वारले, त्यामुळे त्यांच्या मजकुरावर आता कुणाचा हक्क नाही. बाजारात मिळणाऱ्या नव्या चित्रपुस्तकांचं तसं नसतं. त्यातले संवाद किंवा गाणी उचलू नका.

गोष्ट थोडक्यात अशी. एक बाई भट्टीत पाच पदार्थ भाजते, ते कडक होतात. ती लेकीला म्हणते, फळीवर ठेव, थोड्या वेळाने ते पुन्हा येतील. म्हणजे मऊ पडतील. लेक म्हणते, पुन्हा येणारच असतील तर आत्ताच खाते, आणि पाचही फस्त करते. आई दारात बसून सूत काततकातत गाते, "माझ्या पोरीने आज पाच खाल्ले." तेवढ्यात राजा येतो, काय गातेस म्हणून विचारतो. लाजून आई शब्द बदलते: "माझ्या पोरीने आज पाच लडी सूत कातलं." राजा थक्क होतो आणि लग्नाचं बोलतो. अट अशी: अकरा महिने हवं ते खायला-ल्यायला मिळेल, बाराव्या महिन्यात रोज पाच लडी कातायच्या, नाहीतर जीव जाईल. बाराव्या महिन्यात ती खोलीत कोंडलेली असताना एक काळं, छोटं, लांब शेपटीचं काहीतरी येतं. रोज सकाळी कातायचं जवस घेऊन जातं, रात्री पाच लडी आणून देतं. रोज रात्री तीनदा त्याचं नाव ओळखायची संधी. महिना संपेपर्यंत ओळखलं नाही तर ती त्याची. शेवटी शिकारीला गेलेल्या राजाला खडूच्या जुन्या खाणीत ते चरख्यावर बसून स्वतःचं नाव गाताना दिसतं, आणि तो रात्री जेवताना बायकोला सहज ती गंमत सांगतो.

मूळ बोलीत त्या प्राण्याला 'तो' किंवा 'ती' म्हटलेलं नाही. आपल्याकडे 'ते' आहेच, तेच वापरा. भूमिका मुलगा करो की मुलगी, संवाद बदलावे लागत नाहीत. आणि या कथेत त्या प्राण्याशिवाय कुणालाही नाव नाही: मुलगी, आई, राजा, बस्स. मुलीला 'मेरी' किंवा 'राधा' असं नाव देण्याचा मोह आवरा. रंगमंचावर ज्याच्या नावाला किंमत आहे असं एकच पात्र असू द्या.

गाण्यांची यादी, संवादांच्या आधी

कोऱ्या कागदावर प्रसंग लिहा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: इथलं गाणं काढलं तर पुढचा प्रसंग घडेल का? घडत असेल तर ते गाणं दुय्यम. या कसोटीवर तीन गाणी उरतात: आईचं गाणं, नाव ओळखण्याचं गाणं आणि खाणीतलं गाणं. ती आधी लिहा. वेळ उरला तर अकरा महिन्यांचं एक समूहगीत, कोंडलेल्या मुलीचं एक छोटं गाणं आणि चरख्याची धून यांची भर घाला. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या नाटकाला एवढी सहा पुरे होतात.

लांबीचा अंदाज आधीच घ्या. आठ ठोक्यांची एक ओळ आणि मिनिटाला शहाण्णव ठोके अशी चाल धरली, तर एका ओळीला पाच सेकंद लागतात. सोळा ओळींचं गाणं ऐंशी सेकंदांत होतं. सात-आठ वर्षांच्या मुलांना त्याहून फार लांब गाणं पाठ करायला देऊ नये.

आईचं गाणं

हे गाणं दोनदा म्हटलं जातं आणि दुसऱ्यांदा त्यातला एकच तुकडा बदलतो. सगळी मौज त्या तुकड्यात आहे. म्हणून खरे आणि खोटे शब्द एकाच मापाचे हवेत, आणि त्यांची सुरुवातही सारखी असेल तर सोन्याहून पिवळं.

इथे एक अडचण येते. मूळ पदार्थ 'पाय' (इंग्रजी pie, आत सारण भरून भट्टीत भाजलेला) आहे. 'पोरीने पाच पाय खाल्ले' असं मराठी प्रेक्षकांसमोर म्हटलंत की नाटकाचं भलतंच काहीतरी होईल. करंजी आकाराने जवळची, पण ती आली की सोबत दिवाळी येते आणि सफक हातचं जातं. मी साधी 'पोळी' घेते. संवादात एकदा 'सफरचंद भरलेल्या, भट्टीतल्या पोळ्या' म्हटलं की काम भागतं. मग ओळ अशी होते:

माझ्या पोरीनं आज बाई, पाच खाल्ल्या पोळ्या,
पाच पाच पाच पाच, पाच खाल्ल्या पोळ्या!

आणि राजा आल्यावर:

माझ्या पोरीनं आज बाई, पाच खा… कातल्या लडी,
पाच पाच पाच पाच, पाच कातल्या लडी!

'खाल्ल्या'चा 'खा' तोंडातून निघून जातो आणि आई तो गिळून 'कातल्या'वर येते. त्या जागी तिला खोकू द्या, चरख्याचं चाक थांबू द्या. 'खाल्ल्या' आणि 'कातल्या' दोन्ही एकाच ठोक्यावर सुरू होतात, म्हणून चाल मोडत नाही. असे जोडशब्द सापडेपर्यंत धीर धरा. मोठ्याने म्हणत राहिलं की ते सापडतात, कागदाकडे बघून सापडत नाहीत.

या ओळींत जोडाक्षरं बरीच आहेत, तेव्हा चाल संथ ठेवा. मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके ठीक. आईचं काम जरा मोठ्या, स्पष्ट उच्चाराच्या मुलीला द्या. पहिल्या वेळी गाणं पूर्ण ऐकू आलंच पाहिजे. ते प्रेक्षकांच्या कानात बसलं नाही तर बदललेला शब्द कुणाच्या लक्षातच येणार नाही. म्हणून राजा येण्याआधी आईला ते दोनदा म्हणू द्या, दुसऱ्यांदा समूहासह.

खाणीतलं गाणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. मूळ कथेत ते प्राणी 'निम्मी निम्मी नॉट' अशा अर्थहीन बोलांनी सुरुवात करतं आणि त्याला नावाचं यमक जुळवतं. ते बोल लोकपरंपरेतले आहेत, मराठी तोंडात छान बसतात, ते तसेच ठेवा. उरलेली ओळ आपली:

निम्मी निम्मी नॉट, निम्मी निम्मी नॉट,
नाव माझं ठाऊक कुणा? टॉम टिट टॉट!

आता टेबलावर बोटाने आठ ठोके द्या. पहिल्या ओळीत 'निम्मी', 'निम्मी', 'नॉट' असे तीन ठोके आणि चौथा रिकामा, पुन्हा तसंच. दुसऱ्या ओळीत 'नाव', 'माझं', 'ठाऊक', 'कुणा', 'टॉम', 'टिट', 'टॉट' असे सात ठोके आणि आठवा रिकामा. एका ठोक्याला एक शब्द. तो शेवटचा रिकामा ठोका भरू नका. तिथे ते प्राणी शेपटी जमिनीवर आपटेल आणि प्रेक्षकांतली पोरं आपणहून टाळी देतील.

नावातले तिन्ही शब्द बंद अक्षरांचे आहेत, ते लांबवून गाता येत नाहीत. म्हणून त्यांना आलाप, हरकत काही देऊ नका. तिन्ही शब्द एकाच सुरावर, तुटक म्हणा, आणि तेवढ्यापुरती पेटी-तबला बंद. वाद्यांच्या गलक्यात नाव बुडालं तर पुढचा सगळा डाव फुकट.

नाव प्रेक्षकांच्या कानावर तीनदा पडलं पाहिजे. एकदा खाणीत. एकदा जेवताना, जेव्हा राजा तोंडात घास असताना ती चाल गुणगुणतो आणि मुलीच्या हातातला चमचा थांबतो. आणि शेवटी मुलीच्या तोंडून. मूळ कथेत खाणीचा प्रसंग राजाच्या सांगण्यातूनच येतो. नाटकात तो दाखवावा असं माझं ठाम मत आहे, कारण मुलांना आपल्याला नायिकेआधी गुपित कळलं याचा आनंद फार मोठा असतो. शिवाय तो उभा करायला खर्च येत नाही: मागे पांढरी चादर, पुढे काळ्या कपड्यातलं मूल आणि एक चरखा.

ओळखीचं गाणं

पहिल्या रात्री मुलगी बिल, नेड, मार्क अशी नावं घेते. पुढे निकोडेमस, सॅमल, मेथुसेलम. शेवटच्या रात्री सॉलोमन आणि झेबेडी. ही नावं तशीच राहू द्या. त्यांच्या जागी बंड्या, गण्या, चिंट्या घातले तर हशा मिळेल, पण मुलीची घालमेल त्या हशात वाहून जाईल. मूळ नावांत एक सुंदर चढण आहे: बिल, नेड, मार्क एकेका ठोक्याची, तर निकोडेमस आणि मेथुसेलम दोन-दोन ठोक्यांची. साधी नावं संपली की माणूस जुन्या, जड नावांकडे वळतो, आणि ते चालीतूनच ऐकू येतं.

बिल असेल? छे गं, छे!
नेड असेल? छे गं, छे!
मार्क तरी? तेही नव्हे!
शेपूट फिरे गरागरा,
रात्र सरे भराभरा.

शेवटच्या दोन ओळी समूहाच्या. महिना जसा संपत येतो तसं ते प्राणी शेपटी जास्त जोरात फिरवतं, असं कथेतच आहे. म्हणून हेच कडवं तीन रात्री तीन गतींत घ्या: मिनिटाला ऐंशी ठोके, मग शहाण्णव, मग एकशे बारा. शब्द फक्त नावांचे बदलतात, त्यामुळे समूहाला नवं काही पाठ करावं लागत नाही. महिन्याच्या सगळ्या रात्री दाखवायची गरज नाही, तीन पुरतात.

शेवटच्या रात्री हे गाणं अर्ध्यावर तोडा. सॉलोमन, नाही. झेबेडी, नाही. ते काळे हात पुढे येतात, मुलगी एक पाऊल मागे सरते. पण तिला नाव ठाऊक झालेलं आहे, ती मुद्दाम चुकते आहे, आणि हे सभागृहातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. मुलं ते नाव ओरडून सांगणारच. ब्रिटनमध्ये नाताळच्या सुमारास होणाऱ्या पँटोमाइम नाटकांत मुलांनी असं ओरडणं हा खेळाचाच भाग असतो. तेव्हा ते दाबू नका, दिशा द्या. पहिल्या दोन नावांच्या वेळी मुलीने प्रेक्षकांकडे बघून ओठांवर बोट ठेवावं. तिसऱ्या वेळी तिने त्या प्राण्याकडे बोट रोखावं आणि सगळ्या सभागृहासह म्हणावं:

निम्मी निम्मी नॉट, निम्मी निम्मी नॉट,
नाव तुझं ठाऊक मला, टॉम टिट टॉट!

पुन्हा तसंच, दोन शब्द बदललेले. ते किंचाळून अंधारात पळतं आणि गोष्ट तिथेच संपते. कथेतही पुढे काही नाही.

उरलेली तीन

अकरा महिन्यांच्या गाण्यात जानेवारी, फेब्रुवारी अशी यादी असते आणि प्रत्येक महिन्याला खाणं, कपडे, मैत्रिणी यांची भर पडते. जास्तीत जास्त मुलांना एकेक ओळ देण्यासाठी ते सोयीचं आहे. शेवटचा महिना उच्चारताना समूहाने आवाज खाली आणावा, एवढी एक सूचना पुरे. जीव घेण्याची धमकी राजाने एकदा साध्या बोलण्यात द्यावी, गाण्यात नको. ती अजिबात गाळूही नका. धोका नसेल तर मुलगी रडते कशाला?

कोंडलेल्या मुलीचं गाणं चार ओळींच्या वर नेऊ नका.

चरख्याची धून मात्र गोड प्रकरण आहे. ती दादऱ्यात बांधा. इंग्लंडच्या लोकनृत्यांत 'जिग' नावाची सहा मात्रांची चाल फार चालते आणि आपल्या दादऱ्याच्याही सहाच मात्रा, त्यामुळे तबलजीला वेगळं काही शिकावं लागत नाही. शब्दही सहा मात्रांचे घ्या:

चाक फिरे, दिवस सरे,
पाच लडी, रोज पुऱ्या.

प्रत्येक तुकडा मोजून सहा मात्रांचा आहे. 'चाक फिरे' म्हणजे दोन, एक, एक, दोन. रोज सकाळी ते प्राणी जवस घेऊन खिडकीबाहेर गेलं की ही धून पडद्यामागून ऐकू यावी, कातणारं कोण ते दिसू नये. खाणीच्या प्रसंगात तीच धून पुन्हा सुरू होईल, राजा तिच्या मागे जाईल, आणि पहिल्यांदाच सगळ्यांना चरखा दिसेल. मग धून थांबते आणि नावाचं गाणं सुरू होतं.

मुलांना जवस म्हणजे काय ते दाखवा. आपण ज्याच्या बियांची चटणी करतो तेच झाड. इंग्लंडमध्ये त्याच्या देठातून लिननचा धागा काढत. विदर्भात वाढलेल्या आजी-आजोबांना मुलं घरी जाऊन हे नक्की विचारतील.

सूर आणि वाद्यं

शिकवणारा पुरुष असेल तर तो आपल्या सोयीचा सूर धरतो आणि मुलं खाली गुरगुरत राहतात. पट्टी मुलांच्या गळ्यावरून ठरवा. या वयाच्या बहुतेक मुलांना पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत आरामात गाता येतं. चाल त्या मर्यादेत बसवा आणि मंद्र सप्तकात उतरू नका.

चाली स्वतः बांधल्या तर उत्तम, चार-पाच सुरांतही चालतं. इंग्रजी लोकगीताची चाल हवी असेल तर सेसिल शार्प यांनी १९०३ पासून गावोगाव फिरून उतरवून घेतलेल्या चाली बघा. लंडनमध्ये त्यांच्या नावाच्या वास्तूत लोकसंगीताचं मोठं ग्रंथालय आहे, ते लंडनकर मराठी मंडळींना जाऊन पाहता येईल. जुनी चाल कुणाच्या मालकीची नसते, पण एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण किंवा नवी संगीतरचना असते, हा फरक लक्षात ठेवा. चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बसवणं सोपं वाटतं. पण प्रेक्षकांच्या डोक्यात मूळ गाणं वाजत राहतं आणि ज्या नाटकात शब्द ऐकू येणं हाच जीव आहे, त्याला ते मारक ठरतं.

सफक ज्या पूर्व इंग्लंडात आहे, तिथे छोट्या काठ्यांनी तारांवर वाजवायचं डल्सिमर जुन्या काळापासून आहे. ते संतूरच्या घराण्यातलं वाद्य. अनेक कीबोर्डांवर तो आवाज असतो. चरख्याच्या धुनीला तो लावा, पेटीपेक्षा हलका वाटतो.

शिकवणं

गाणी आधी, हालचाली नंतर. पहिल्या आठवड्यात फक्त नावाचं गाणं आणि आईचं गाणं घ्या, तेही सुराशिवाय, टाळीवर बोलून. ओळ तुम्ही म्हणायची, मुलांनी परत म्हणायची. ठोका पक्का झाला की सूर द्या. गती वाढणारं ओळखीचं गाणं तिसऱ्या आठवड्याच्या आधी वेगात घेऊ नका, नाहीतर मुलं शब्द खायला लागतात आणि ती सवय मोडत नाही. एकल गाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या जागी उभं राहू शकेल असं आणखी एक मूल पहिल्या दिवसापासून तयार करा. ऐन दिवशी कुणाला तरी ताप येतोच.

रंगीत तालमीला गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या एखाद्या माणसाला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवा. नाटक झाल्यावर त्याला दोनच प्रश्न विचारा: आईने कोणता शब्द बदलला, आणि त्या प्राण्याचं नाव काय? पहिल्याचं उत्तर आलं नाही तर आईचं गाणं आणखी संथ करा. दुसऱ्याचं आलं नाही तर ध्वनिक्षेपक त्या मुलाच्या जवळ आणा आणि वाद्यं थोडी आधी थांबवा.